उतारावरची लाख

माणूस समोरून आला की आपण त्याच्या तोंडाकडे बघतो. ती आधी टाचांकडे बघायची. टाच जमिनीला नीट टेकते ना, गुडघे एकमेकांना घासत नाहीत ना, एवढं पाहून झालं की मान वर करून विचारायची, "काय, बरं आहे ना?" उतारावरच्या लोकांनी तिचं नाव टाचबाई पाडलं होतं. बायका चेष्टेत म्हणायच्या, हिला मुलगी बघायला नेली तर ही नाकडोळे सोडून पावलंच बघत बसेल. तीही हसून सोडून द्यायची. असं का बघते, हे मात्र तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा सासू हयात नव्हती, धाकटा दीर अजून शेंबडा पोर होता, आणि सासरा दोन काठ्यांवर चालायचा. चालायचा असं आपलं म्हणायचं. चवड्यांवर उभा राहून तो एक पाय दुसऱ्या पायाच्या पुढ्यात आडवा टाकायचा, मग दुसरा ओढून आणायचा. अंगणातून ओट्यापर्यंत येईतो घामाने निथळायचा. घरात कुणी त्याबद्दल बोलत नसे. पाहुण्यांनी विचारलंच तर "पायावरून वारं गेलं" म्हणून विषय संपवायचे.

एका दुपारी त्याच्या पोटऱ्यांना तेल चोळताना तिने धीर करून विचारलं, "मामंजी, हे कधीपासून?"

"तुझा नवरा रांगत होता तेव्हापासून," तो म्हणाला. "लाखेनं केलं हे."

लाख म्हणजे डाळीचंच एक पीक. वाटाण्यासारखा वेल, निळी फुलं, चपट्या शेंगा आणि आत पाचरीसारखा कोनाकोनाचा दाणा. पाऊस तोंड फिरवून गेला, इतर सगळं करपलं, तरी लाख हिरवीगार उभी राहते. उतारावरच्या प्रत्येक घरात तिची कणगी होती, तिच्या घरातही होती. सासऱ्याचं बोलणं ऐकून तिचा चोळणारा हात थांबला.

"लाख तर आपण रोज खातो," ती म्हणाली.

"रोज खातो, पण सोबत ज्वारी असते. त्या साली ज्वारीचा दाणा उरला नव्हता. सकाळी लाख, दुपारी लाख, संध्याकाळी लाख. काही दुखलं नाही, खुपलं नाही. एक दिवस उठलो, बाहेर जायला निघालो, तर पाय माझे नव्हतेच."

"आदल्या दिवशी काही जाणवलं असेल ना?"

"काही नाही. पोटभर जेवलो होतो, पोरी."

ते "पोटभर" तिच्या मनात रुतून बसलं. उपासमारीची भीती तिला माहेरापासून ठाऊक होती. भरल्या पोटाची भीती तिने त्या दिवशी पहिल्यांदा ओळखली. ज्या दाण्याने जगायचं तोच दाणा आतून पाय काढून घेतो, आणि तो चवीला कडू नाही, वासाला उग्र नाही, दिसायलाही देखणा. ओळखायचं कसं?

सासऱ्याने तिला रीत शिकवली. लाखेत निम्मी ज्वारी घालायचीच. लाख आधी भिजत ठेवायची, ते पाणी ओतून द्यायचं. मग कढत पाण्यात भिजवायची आणि तेही ओतून द्यायचं. तो गेल्यावरही पुढे बरीच वर्षं ती रीत तिने मोडली नाही. तिला मूलबाळ झालं नाही. दीरालाच तिने न्हाऊमाखू घालून वाढवला. सगळे त्याला लहान्या म्हणत. तो उंचापुरा झाला, खडीच्या खाणीत घण मारायला जाऊ लागला, तरी लहान्याच राहिला.

तिची सख्खी मोठी बहीण, अक्का, त्याच गावात खालच्या अंगाला दिलेली. दोघी बहिणींची लग्नं एकाच मांडवात लागली होती. बापाला वाटलं, दोन्ही जावई डाळवाले, म्हणजे डाळी पिकवणारे, दोघांची जमीन जवळजवळ सारखी, दोघी मुली सारख्याच सुखात राहतील. त्याने जमीन वरून मोजली होती, आत किती खोल माती आहे ते बघितलं नव्हतं. अक्काच्या शेतात पहार खुपसली तर ती मुठीपर्यंत आत जायची, काळीभोर माती, कडेला विहीर आणि विहिरीवर मोटर. हिच्या उतारावर पहार टेकवली की वीतभरावर खण्णकन वाजायची. अक्काकडे हरभरा, मसूर, मूग, शिवाय गहू-ज्वारी. लाख बांधाला, तीही बैलांसाठी. इकडे पावसात ज्वारी आणि पावसाच्या शेवटाला लाख. तिसरं काही त्या खडकावर धरतच नसे.

एकदा शाळेच्या वर्गात कृषी सहायकांनी सगळ्या डाळवाल्यांची सभा घेतली. खालचे लोक पुढच्या बाकांवर बसले, उतारावरचे मागे भिंतीला टेकून उभे राहिले. सहायक तरुण होते, तळमळीने बोलत होते. "लाख बंद करा," ते म्हणाले. "हरभरा लावा, मसूर लावा." पुढच्या बाकावर दाजींनी, म्हणजे अक्काच्या यजमानांनी, जोरात मान हलवली. मागून तिचा नवरा म्हणाला, "साहेब, आमच्यात वीतभर मातीखाली खडक आहे. हरभऱ्याची मुळं कुठे घालू?"

सहायक दुसऱ्या दिवशी स्वतः उतारावर आले. पहार मागून घेतली, शेतात ठिकठिकाणी मारून बघितली आणि घाम पुसत बांधावर बसले. "तुमचं खरं आहे," ते म्हणाले. "तुमच्यासाठी माझ्याकडे आज काही नाही. शोधतो." तो माणूस खोटं बोलला नाही म्हणून तिला बरं वाटलं. पण उत्तर त्याच्याकडेही नव्हतं.

मग ते वाईट साल उजाडलं.

पाऊस सुरुवातीला जरा भुरभुरला आणि गेला तो गेलाच. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन पिवळी पडली, कणसं पोचट निघाली. शेवटी एक सर येऊन गेली, तेवढ्या ओलीवर सगळ्यांनी लाख टाकली. बाकी सगळा मुलूख तपकिरी झाला असताना उतार तेवढा निळ्या फुलांनी भरून गेला. रस्त्याने जाणारे येणारे थांबून बघायचे. तिला मात्र त्या निळ्या रंगाकडे बघवत नसे. त्यात सासऱ्याच्या काठ्यांचा आवाज ऐकू यायचा.

लाख उदंड निघाली. कणगी काठोकाठ भरली. शेजारणी म्हणाल्या, चला, पोटाची काळजी मिटली. तिची काळजी तिथूनच सुरू झाली. ज्वारीच्या कणगीत हात घातला की तो दर वेळी जास्त खोल जायचा. निम्मी ज्वारी घालायची रीत पहिल्यांदा मोडली ते तिने स्वतःशीही कबूल केलं नाही. एक मूठ कमी घातली. मग आणखी एक. पुढे ज्वारी फक्त नावाला राहिली, पिठाला रंग यावा इतकीच.

पाण्याचंही तसंच झालं. उताराखालच्या हापशाला दिवसभर रांग, आणि दांडा मारून मारून खांदे भरून आले की गढूळ धार पडायची. तो हंडा डोक्यावर घेऊन चढ चढायचा, आणि त्यातलं पाणी लाखेवर घालून ओतून द्यायचं? एकदा भिजवणीचं पाणी हातात घेऊन ती उंबऱ्यात बराच वेळ उभी राहिली. अंगणात ओतलं तर माती क्षणात पिऊन टाकणार. घरात प्यायला तांब्याभर पाणी शिल्लक होतं. ती आत वळली आणि त्याच पाण्यात तिने डाळ शिजवली. त्यानंतर ते रोजचंच झालं. शिजताना येणारा वास नेहमीसारखाच होता. जेवताना लहान्या म्हणाला, "वहिनी, आज डाळ दाट झाली, छान झाली."

सकाळी उठल्या उठल्या ती आधी स्वतःचे पाय चाचपायची. भिंतीला पाठ लावून उभी राहायची, टाचा टेकवायची, उचलायची. मग चुलीपाशी बसून नवऱ्याची चाहूल घ्यायची. तो धपधप चालत बाहेर गेला की निम्मा जीव भांड्यात. मग लहान्या. त्याची पावलं वाजली की उरलेला निम्मा. रोज एवढी परीक्षा झाल्याशिवाय तिच्याने चूल पेटवणं होत नसे.

लहान्याची भूक दांडगी होती. दिवसभर घण मारून आलेला माणूस, त्याला कमी खा असं कुठल्या तोंडाने सांगायचं? ती स्वतःच्या ताटातलं त्याला वाढायला जायची आणि हात मध्येच थांबायचा. आपण त्याला जेवू घालतोय की आणखी काही, हे तिचं तिलाच कळेना.

एक दिवस पहाटे अंगण झाडताना तिने दारातल्या चपला बाजूला केल्या. नवऱ्याच्या चपला टाचेकडे झिजलेल्या होत्या, चालणाऱ्या माणसाच्या झिजतात तशा. लहान्याच्या चपला तिने उचलून उलट्या केल्या. टाचेकडचा भाग नवा कोरा, आणि चवड्याखालचं रबर इतकं विरलेलं की बोट आरपार जाईल. तिने त्या होत्या तशाच परत दारात ठेवल्या.

संध्याकाळी तो खाणीतून येताना तिने लांबूनच बघितलं. चढ चढताना सगळेच चवड्यावर येतात, त्यात काही कळेना. म्हणून तो आल्यावर तिने त्याला उगाचच परत खाली पाठवलं, शेजारणीकडून सूप आणायला. उतरताना टाच आधी टेकायला हवी. त्याची टेकत नव्हती. तो बोटांवर तोल सावरत, गुडघे जवळ धरून उतरत होता.

"पायाला काय झालंय रे?" तो परत आल्यावर तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"गोळे येतात गं वहिनी. दगड उचलून उचलून. सगळ्यांनाच येतात."

"कधीपासून?"

"झाले थोडे दिवस. तू आता माझ्या टाचांच्या मागे लागू नकोस," तो हसत म्हणाला आणि हात धुवायला गेला. मोरीचा दगड चढताना त्याने भिंतीला हात लावला. आधी कधी लावत नसे.

तिने नवऱ्याला गोठ्याशी गाठलं. "अहो, लहान्याचे पाय बघितलेत का?"

तो गवत तोडत होता, तोडतच राहिला.

"मामंजींसारखं होतंय. त्याला दवाखान्यात नेऊ. आणि खाली अक्काकडे सांगू, ज्वारीसाठी. आपली लाख त्यांच्या बैलांना..."

"त्यांच्या बैलांना," तो म्हणाला. मागे एकदा दाजींनी चारचौघांत म्हटलं होतं, तुमच्या वरची लाख आमच्या बैलांना फार आवडते बुवा. म्हणणाऱ्याच्या मनात काही नव्हतं, पण ऐकणारा ते विसरला नव्हता. "आणि बाबांचं नाव काढू नकोस. लहान्या दमतो म्हणून पाय भरतात. घरात बसून भलतंसलतं बोलू नकोस, बोललं की तसं होतं."

त्याचा आवाज चढला नव्हता. विळा मात्र दोनदा गवताऐवजी दगडावर आपटला.

तिने दुसऱ्या दिवशी पोटात दुखतंय असं सांगितलं आणि दवाखान्यात सोबत चल म्हणून लहान्याला थांबवून घेतलं. दवाखाना रस्त्यापलीकडे खालच्या वस्तीत होता. तिने चालण्याचा वेग मुद्दाम कमी ठेवला. तो मागे पडत होता आणि पडत नाही असं दाखवत होता.

रस्ता ओलांडताना ती पुढे होती. पलीकडे पोचून वळून बघते तर लहान्या रस्त्याच्या मधोमध उभा. वळणावरून खडीचा ट्रक येत होता, भरलेला, उताराच्या वेगाने.

"चल ना," ती म्हणाली.

"वहिनी," तो म्हणाला, "पाय उचलत नाहीयेत."

हे त्याने इतक्या हळू सांगितलं की ट्रकच्या आवाजात तिला ते ऐकू आलं नाही, ओठांवरून कळलं. त्याचे दोन्ही गुडघे एकमेकांत अडकले होते आणि तो चवड्यांवर ताठ झाला होता, कुणी जमिनीला बांधून ठेवल्यासारखा. ती धावली. त्याच्या कमरेला मिठी मारून तिने त्याला ओढला, दोघं रस्त्याच्या कडेला खडीत पडली. ट्रक हॉर्न वाजवत गेला. ड्रायव्हरने खिडकीतून शिवी हासडली असावी. धुळीत त्यांना एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं. लहान्या हुंदके देऊन रडत होता. कळता झाल्यापासून तो तिच्यासमोर रडला नव्हता.

दवाखान्यातल्या सिस्टर पोक्त बाई होत्या. त्यांनी लहान्याला टेबलावर बसवलं, गुडघ्याखाली लहान हातोडी मारली तर पाय नको इतक्या जोरात उडाला. डॉक्टरांनाही बोलावून दाखवलं. मग त्या तिला घेऊन बाहेरच्या बाकावर बसल्या.

"लाख खाता?"

"हो."

"सोबत काय?"

"ज्वारी," ती म्हणाली. "आता नावालाच."

"पाणी ओतून देता ना?"

तिने मान खाली घातली. सिस्टर रागावतील असं तिला वाटलं, त्यांनी रागावावं असंही वाटलं. त्या म्हणाल्या, "हापशाची रांग मी रोज बघते. या साली तुमच्या उतारावरून येणारे तुम्ही पहिले नाहीत."

"बरा होईल ना?"

"गेलं ते परत येत नाही, हे तुम्हाला खरं सांगते. पण आज लाख बंद केली तर इथंच थांबतं, पुढे जात नाही. आजच, उद्यापासून नव्हे. ओझं उचलणंही बंद. तरण्या मुलांना, अंगमेहनत करणाऱ्यांना हे जास्त धरतं."

आजच. घरात लाखेशिवाय काही नव्हतं. घरी परत जायचं तर तो चढ, आणि चढाच्या वर तीच कणगी. ती लहान्याचा हात धरून सरळ अक्काच्या दारात गेली.

अक्का गहू निवडत बसली होती. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "अगं, लाखेनं असं होत असतं तर आम्हाला नसतं का झालं? आम्हीही खातो की. मला तर आवडते."

"कधी खाता?"

"आठ पंधरा दिवसांतून, चवीला."

"आम्ही तीन वेळा खातो, अक्का. दुसरं काही नाही म्हणून."

अक्काचा गहू निवडणारा हात थांबला नाही. तिला ऐकू आलं होतं, पण आत पोचलं नव्हतं. इतकी वर्षं दोघी बहिणी हाकेच्या अंतरावर राहत होत्या, आणि वरच्या घरात तीन वेळा काय शिजतं ते खालच्या घराला माहीत नव्हतं. सांगणारीने सांगितलं नव्हतं, विचारणारीने विचारलं नव्हतं. मग लहान्या आत यायला निघाला. उंबरा साधाच होता, चार बोटं उंचीचा. त्याने पाय उचलला, तो तेवढा वर गेला नाही. त्याने दोन्ही हातांनी मांडी धरून पाय उचलून आत ठेवला, मग दुसरा. अक्का सूप बाजूला ठेवून उठली. या पोराला तिने कडेवर घेऊन बाजार दाखवला होता.

दाजी शेतातून आले तेव्हा दोघी बहिणी लहान्याला जेवायला वाढत होत्या. त्यांनी एक नजर टाकली, पाय धुतले आणि बोलताना नेहमीसारखी थट्टा केली नाही. "इथंच राहू दे त्याला," ते म्हणाले. "मोटर चालू बंद करायला मला माणूस लागतोच. बसून करायचं काम आहे."

तिने पदर पसरून ज्वारी मागितली. दाजी म्हणाले, "लाख पाठवून द्या. बैलांना होईल." आणि लगेच मान वळवून म्हणाले, "चुकीचं बोललो मागे एकदा. कळलं होतं मला."

आता घरी जाऊन नवऱ्याला सांगायचं होतं. ट्रकच्या वेळी वाटली नसेल इतकी भीती तिला चढ चढताना वाटली. भावाला साडूच्या दारी गडी म्हणून ठेवून आलीस, असं तो म्हणेल. हात उगारेल का? त्याने तो कधी उगारला नव्हता, पण अशी गोष्टही कधी घडली नव्हती. तो ओट्यावर बसला होता. तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, ट्रकपासून उंबऱ्यापर्यंत. तो ऐकत राहिला. मग उठून आत गेला, लहान्याच्या खाणीत घालायच्या चपला घेऊन बाहेर आला आणि तिच्यासमोर ठेवल्या.

"मी तुझ्याआधी बघितल्या होत्या," तो म्हणाला. "रोज बघत होतो. बाबांच्याही अशाच झिजायच्या."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर खरं झालं असतं."

तो चपलांकडे बघत राहिला. तिच्या लक्षात आलं, इतके दिवस घरात तिची एकटीचीच भीती वावरत नव्हती. दोघं एकाच चुलीसमोर बसून तेच भीत होती, आणि एकमेकांना कळू नये म्हणून धडपडत होती. तिला त्याचा राग आला आणि त्याच वेळी त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं. तिने दोन्हीपैकी काहीच केलं नाही. दाजींनी दिलेली ज्वारी पदरातून सोडली आणि दळायला बसली.

दुसऱ्या दिवशी त्याने लाखेची पोती स्वतः खाली वाहून नेली. दाजींच्या फाटकाशी तो बराच वेळ उभा राहिला. आत मोटरच्या खोलीपाशी लहान्या खुर्चीवर बसला होता. भाऊ दिसताच तो उठायला गेला आणि अडखळला. तेव्हा थोरला फाटक ढकलून आत गेला.

पुढचे महिने तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत. नवऱ्याच्या पायांत तर हे दबा धरून बसलं नसेल? आपल्या? कधी झोपेत पायाला मुंग्या आल्या तरी ती ताडकन उठून बसायची. उतारावर आणखी दोन घरांत तरुण मुलांचे पाय गेले. एका आईला तिने वेळेवर सांगितलं होतं, त्या बाईने ऐकलं नाही. दुसरीने ऐकलं, पण तिची बहीण खाली दिलेली नव्हती. लाखेच्या बदल्यात ज्वारी देणारं तिला कुणी नव्हतं. ती दिसली की टाचबाई रस्ता बदलायची. आपला लहान्या काठी घेऊन का होईना उभा आहे आणि तिचा मुलगा ओट्यावर बसून आहे, यात आपलं कर्तृत्व काही नाही, हे तिला नीट ठाऊक होतं.

सिस्टर म्हणाल्या होत्या तसंच झालं. लहान्याचे पाय होते तिथेच थांबले. एका काठीवर तो चालायला शिकला, मोटरी दुरुस्त करायला शिकला, आणि आसपासचे लोक त्याला बोलवायला येऊ लागले. एका मिस्त्रीच्या मुलीने त्याच्याशी लग्न केलं. बघायला गेले तेव्हा मुलीच्या बापाने पायांबद्दल विचारलं. थोरल्या भावाने तोंड उघडायच्या आत लहान्याने स्वतःच सांगितलं, "लाखेनं गेले. आता आणखी जाणार नाहीत." मुलगी आतून ऐकत होती. नंतर ती म्हणाली, घरात खरं बोलणारा माणूस आहे हे कळलं, पाय काय, माझे आहेत की.

कृषी सहायकांनीही शब्द पाळला. काही वर्षांनी ते पिशवी घेऊन आले, कमी विषाच्या लाखेचं बी होतं. दाणा अगदी तसाच. टाचबाईने तो तळहातावर घेऊन उलटसुलट करून बघितला आणि तिला पटेना. दिसायला तोच आणि म्हणे वेगळा. शिवाय सहायक म्हणाले, सगळ्यांनी बदललं तरच उपयोग, नाहीतर शेजारच्या शेतातून मधमाश्या परागांबरोबर जुन्याचा गुण आणतात. काहींनी पेरलं, काहींनी म्हटलं आमचं जुनंच दुष्काळात टिकतं. ती दोघांच्या मध्ये होती. नवं पेरलं, आणि ज्वारी घालणं, पाणी ओतणं जुन्यासारखंच चालू ठेवलं.

आणि मग एका साली अक्का उतार चढून वर आली. धापा टाकत आली, येऊन ओट्यावर बसली. त्यांच्या विहिरीचा तळ दिसला होता. शेजारच्यांनी आणखी खोल विहिरी घेतल्या आणि पाणी तिकडे गेलं. हरभरा उभ्याउभ्या वाळला.

"बी दे थोडं," अक्का म्हणाली. "तुझं काहीच करपत नाही."

टाचबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. काळ्या मातीत, मोटरीच्या घरात, अक्काच्या नातवंडांच्या ताटात तिला लाख दिसायला लागली. नाही म्हणावं असं वाटलं. पण खाली दुसरं काही उगवणार नव्हतं, हे तिच्यापेक्षा जास्त कुणाला कळणार?

"बी देते," ती शेवटी म्हणाली, "पण मी बरोबर येते."

"कशाला गं? पेरायला गडी आहेत."

"पेरायला नाही. पीक निघेल तेव्हा येते. तुझ्या चुलीपाशी बसेन."

आणि ती खरंच गेली. नवऱ्याला स्वतःच्या हाताने रांधून खायला सांगून, पुढच्या पेरणीपर्यंत अक्काकडे राहिली. अक्काच्या सुना आधी हसल्या, मग वैतागल्या, कारण डाळ भिजवण्यापासून वाढण्यापर्यंत ही म्हातारी जागची हलत नसे, आणि ज्वारी कमी पडली की तिचा आवाज चढायचा. त्या साली त्या घरात कुणाचं काही वाकडं झालं नाही. निघायच्या दिवशी दाजींनी बैलगाडी जुंपली. तिने पिशवी काखेत मारली, नातवंडांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "गाडी राहू द्या. मी चालत जाते."